देवपुजारी सरांच्या वहीतली दोन कोरी पानं

सरांची आणि माझी ओळख झाली ती विद्यार्थी म्हणून नव्हे, सहा नंबरचा कप्पा म्हणून. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी अमरावतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. रविवारी दुपारी पंक्चर झालेली सायकल हातात धरून अंबागेटाकडून येत होतो, तर एका घराच्या ओसरीवर सात माणसं ओळीनं पाट्या घेऊन बसलेली दिसली. चांगली मिशा फुटलेली माणसं, आणि हातात पहिलीतल्या पोरांच्या पाट्या. एक मुलगी खांबाला टेकून कागदावरून वाचत होती. "तीन नंबर, सांगा." तिसरा म्हणाला, "सतरा." "पाच नंबर, पुसा आणि सतरा लिहा." पाचव्यानं पुसलं, लिहिलं. कोणी हसत नव्हतं. फाटकावर आडनाव देवपुजारी, तेव्हा मला वाटलं, काहीतरी अनुष्ठान चाललं असेल.

मी फाटकाशी रेंगाळलो तसे धोतर-सदऱ्यातले एक गृहस्थ उठून आले आणि जणू माझीच वाट पाहत होते अशा आवाजात म्हणाले, "बसता का? आमचा सहा नंबरचा कप्पा तापानं पडला हाये."

"मले काय करावं लागन?"

"काहीच नाही. थेच तर कठीण हाये."

बसलो. पाचच मिनिटांत मला चोवीस लिहायला सांगितलं गेलं. मला तर दिसत होतं की बेरीज पंचवीस यायला हवी. मी आपला पंचवीस लिहून मोकळा झालो. पुढं सगळं अडलं. सरांनी माझी पाटी पाहिली, नाव विचारलं, आणि म्हणाले, "गावंडे, कप्प्यानं विचार करायचा नसते. विचार लिहिणाऱ्यानं आधीच करून ठेवायचा असते. त्यानं कुठं कमी केला, हे पाह्यासाठीच तर आपण बसलो."

त्या ओसरीवर काय चाललं होतं ते सांगतो. कलकत्त्याला आणि मुंबईला तेव्हा मोठी गणकयंत्रं आली होती. दिवाणखान्याएवढं यंत्र, त्याच्या पोटात आकड्यांचे कप्पे, आणि त्याला काय करायचं ते आज्ञांच्या यादीनं सांगायचं. त्या यादीला प्रोग्रॅम म्हणत. वऱ्हाडात असलं यंत्र नव्हतं. म्हणून सरांनी माणसांचं यंत्र केलं होतं. प्रत्येकजण एक कप्पा, प्रत्येकाची पाटी, आणि एकानं आज्ञा वाचायच्या. ज्या यंत्राचं तोंड आम्ही पाहिलं नव्हतं ते दर रविवारी दुपारी आमच्याच हातापायांतून चालायचं. निंबाची सावली हळूहळू ओसरीवरून सरकायची, सुमनचा आवाज एकापाठोपाठ एक नंबर घ्यायचा, आणि मला वाटायचं की आपण खरंच कुठल्यातरी काचेच्या, गार, भिंतीएवढ्या वस्तूच्या आत बसलो आहोत.

सुमन म्हणजे ती वाचणारी मुलगी. सरांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात असं नुसतं नाव लिहू नये हे मला कळतं. पण सुमनताई मी म्हणणार नाही. "सहा नंबर, तुमच्याजवळ काय आहे?" असं तिनं विचारायचं आणि मी पाटीवरचा आकडा सांगायचा, एवढंच आमचं बोलणं दोन वर्षं झालं. माझ्याजवळ काय होतं ते पाटीवर मावणारं नव्हतं.

पण हा लेख तिच्याबद्दल नाही. सरांचे सहकारी आणि मोठ्या हुद्द्यांवर गेलेले विद्यार्थी या ग्रंथात सरांबद्दल लिहितीलच. अर्ध्यावर कॉलेज सोडलेल्या माझ्यासारख्यानं लिहायला बसावं याला एकच कारण आहे. ज्या यंत्रासाठी सरांनी अर्धं आयुष्य घातलं त्या यंत्रापाशी बसायची एक संधी सरांना चालून आली होती, आणि ती माझ्यामुळे गेली. कशी गेली ते सरांना आणि मला ठाऊक आहे. बाकी अकोल्यात, जिथं मी नोकरी करतो तिथं, सगळे वेगळंच समजतात. ते आज सांगायचं आहे. ते सांगण्यासाठी आधी सरांच्या वह्यांबद्दल सांगावं लागेल.

सर पूर्वी एकदा आठ महिने संख्याशास्त्र शिकायला कलकत्त्याला गेले होते. तिथं यंत्र होतं, पण ते काचेपलीकडे. शिकायला आलेल्यांनी काचेच्या अलीकडून पाहायचं. सर रोज दुपारी काचेपाशी उभे राहत, आणि मग ग्रंथालयात जाऊन त्या यंत्रांविषयी पहिल्यावहिल्या माणसांनी लिहून ठेवलेले अहवाल नकलून घेत. त्यांच्या तीन जाड वह्या झाल्या. डाव्या पानावर इंग्रजी मजकूर, उजव्या पानावर सरांचं मराठी. "मी यंत्र आणू शकलो नाही," सर म्हणत, "यंत्रापाशी बसून ज्यांनी डोकं धरलं त्यांचं डोकं तेवढं आणलं."

त्या वह्यांतले लेख आम्ही दर वर्षी पहिल्या पानापासून पुन्हा वाचत असू. पुन्हा म्हणजे खरोखर पुन्हा. गेल्या वर्षी समजलं होतं म्हणून एखादं पान गाळायचं नाही. घराणं भिक्षुकीचं, सरांचे वडील रोज तेच सूक्त म्हणत. आमच्यातला एक जण एकदा म्हणाला, "सर, हे तर पारायण झालं." सर म्हणाले, "पारायणात पुण्य भेटते म्हणतात. इथं थेही नाही. इथं फक्त आपली चूक भेटते, अन् थेही नशीब असन तर."

एकदा सर आम्हांला रिद्धपूरला घेऊन गेले, जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहायला. नकलणाऱ्यानं पोथीच्या शेवटी लिहिलेलं असायचं, जसं दिसलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. परतताना बसमध्ये सर म्हणाले, "ही सोय आपल्याला नाही बरं. आपण जे उतरवू त्याचा दोष आपलाच." त्या वेळी मी खिडकीबाहेर पाहत होतो. पुढच्या बाकावर सुमन बसली होती आणि तिची वेणी खिडकीच्या वाऱ्यानं हलत होती. सरांचं वाक्य कानावरून गेलं, आत गेलं नाही.

दुसऱ्या एका हिवाळ्यात आकडे लहान-मोठे लावण्यावरचा एक लेख वाचून झाला आणि सरांनी आम्हांला वरूडला नेलं. संत्र्याच्या बागेत बाया फळं निवडत बसल्या होत्या. हातात घेतलं की कुठल्या टोपलीत जाणार ते ठरलेलं. सरांनी एका बाईंना विचारलं, "बाई, तुमी कसं ठरवता?" त्या म्हणाल्या, "हाताले समजते, बाप्पा. तुमच्या वहीत असन तर वाचून घ्या." सर हसून तिथंच बसले, दोन तास फळं निवडत राहिले, आणि तीनदा त्या बाईंची बोलणी खाल्ली. बागेभर संत्र्यांचा वास होता. त्या दुपारचं मला पुष्कळ आठवतं, पण ते सरांबद्दलचं नाही.

गावात सरांची चेष्टा कमी झाली नाही. सरांचे एक वकील शेजारी फाटकातूनच म्हणायचे, "काय त्र्यंबकराव, आली का तुमची नवरी? का नुसते मंगलाष्टकंच म्हणून राहिले?" सर म्हणायचे, "नवरी येईन तवा येईन. मंगलाष्टकं पाठ पाहिजेत नं."

मी त्या काळात फार तापट होतो. आताही आहे असं लोक म्हणतात. तिसऱ्या वर्षी वहीतला तोच पहिला अहवाल पुन्हा सुरू झाला तेव्हा माझा संयम सुटला. ज्या यंत्राबद्दल तो अहवाल होता ते यंत्र विलायतेत मोडीत निघाल्याची बातमी मी कुठंतरी वाचली होती. मी पाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "सर, हे यंत्र भंगारात गेलं. त्याच्या तारा लोकांनी किलोवर विकल्या असतील. अन् आपण त्याचं काय घेऊन बसलो?"

"यंत्र गेलं," सर म्हणाले. "लिहिणाऱ्याची घाई भंगारात गेली का? तुमची गेली का?"

"माही घाई माह्याजवळ हाये, सर. तिच्यासाठी मले वही नाही लागत."

सगळे हसले. सुमनही हसली. मी उठून चालता झालो. त्याच महिन्यात सुमनच्या वडिलांची बदली अकोल्याला झाली, आणि त्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं. मित्रांना मी सांगितलं की इथलं शिक्षण जुनाट आहे, मला पटत नाही. मित्रांनी मान डोलावली. अकोल्याची गाडी किती वाजता असते ते मला विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही.

आता सरांचा मोठेपणा पाहा. मी गावी, बार्शीटाकळीकडे, वडिलांच्या शेतावर येऊन पडलो होतो. महिन्याभरानं सर बसनं आले, बसस्टँडपासून वावरापर्यंत पायी चालत आले, आणि बांधावर वडिलांशेजारी बसले. मला वाटलं, आता उपदेश होणार. वडिलांनाच धीर निघाला नाही.

"मास्तर, ह्या पोट्ट्याले काही येते का? शेतात तर याचं ध्यान नाही."

"भांडता चांगलं येते," सर म्हणाले.

"मंग माह्यावर गेला."

"अन् अक्षर चांगलं हाये."

"मंग मायवर गेला."

सरांनी कॉलेजचं नाव काढलं नाही. पिशवीतून पहिली वही काढली. तिच्या कडांना वाळवी लागली होती. म्हणाले, "हिची दुसरी प्रत करायची आहे. चाळीस पानं तुमी करा. कॉलेज सोडलं, ठीक हाये. वाचन काहून सोडता?" आणि आल्या पावली परत गेले. मी ती चाळीस पानं चिंचेखाली बसून सुरेख अक्षरात उतरवली. काळ्या मातीवर ऊन तरंगत असायचं, माझा हात चालत असायचा, आणि मन अकोल्याच्या एका गल्लीत कुणाच्या तरी दारावरून चौथ्यांदा चकरा मारत असायचं. पानं मी पोस्टानं पाठवली. आठवड्यानं अकोल्याच्या एका कार्यालयाचं पत्र आलं, गणनसहायकाची जागा आहे, भेटायला या. हे पत्र कसं आलं ते मला फार उशिरा कळलं. सरांनी तिथल्या साहेबांना लिहिलं होतं. सुमन तिथं आधीच नोकरीला लागली होती, हे सरांना माहीत होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

आमचं कार्यालय कापसाच्या वाणांच्या चाचण्या घेतं. एकेका वाणाचं पीक ठिकठिकाणच्या शेतांत, शेताचे तुकडे पाडून घ्यायचं, वजनं मांडायची, आणि कोणतं वाण खरोखर सरस ते हिशेबानं ठरवायचं. त्यावरून बियाण्याची शिफारस छापून तालुक्या-तालुक्याला जाते. हिशेब आम्ही हातानं दांडा फिरवायच्या यंत्रावर करत असू. दिवसभर टेबलावर घरघर. त्या वर्षी साहेबांनी खटपट करून मुंबईच्या मोठ्या गणकयंत्रावर एका सकाळचा वेळ मिळवला, आणि प्रोग्रॅम लिहायचं काम मला दिलं. साहेबांनी सरांना पत्रानं कळवलंही, की या खेपेला जमलं, तर पुढच्या खेपेला कार्डं, म्हणजे भोकं पाडून आज्ञा आणि आकडे भरलेले पुठ्ठे, घेऊन तुम्हीच मुंबईला जा आणि यंत्रापाशी बसा. सरांनी परत लिहिलं त्यात फक्त एक ओळ होती. काचेच्या अलीकडे का पलीकडे?

साहेबांनी कळवलं, पलीकडे.

मी पंधरा दिवस झपाटल्यासारखा लिहीत होतो. पहिल्या शेताचा हिशेब हातानं करून ताडून पाहिला. बरोबर. सुमन म्हणाली, "दुसरं शेत चालवून पाहिलं का?"

"पहिलं बरोबर आलं, म्हणजे रीत बरोबर आहे. यंत्र काही शेताशेतात भेदभाव नाही करत."

"सर विचारतील."

"सर मुंबईले नाही चालले. कार्डं चालली."

कार्डं गेली, चौथ्या दिवशी उत्तरं आली. लांबच लांब घडीचा कागद, त्यावर ओळीनं छापलेले आकडे. साहेब खूश झाले. सरस ठरलेल्या वाणाचं नाव टाइप व्हायला गेलं. सोमवारी अकरा वाजता मजकूर छापखान्यात जायचा होता. शनिवारी संध्याकाळी मी त्या कागदाची एक प्रत घेऊन अमरावतीला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावर उभा होतो तर वाटत होतं, आपण जमिनीपासून वीतभर वर आहोत.

रविवारी ओसरी भरली होती, सगळी नवीन मुलं. सरांनी कागद हातात घेतला. बराच वेळ त्यांनी आकडे वाचलेच नाहीत, नुसता कागद अंगठ्यानं चाचपत राहिले, एकदा नाकाशीही नेला. त्या यंत्रातून निघालेली वस्तू त्यांच्या हातात पहिल्यांदा आली होती. मग म्हणाले, "चालवू या?"

"सर, हे मोठ्या यंत्रावर चाललेलं आहे."

"मंग पाट्यांवर चालाले काय हरकत हाये?"

मी हट्टानं आज्ञेची पाटी स्वतः घेतली. चार कप्प्यांत शेताच्या चार तुकड्यांची वजनं, पाचव्यात बेरीज, आणि माझ्या पाटीवर आज्ञा, "एक नंबरचा आकडा बेरजेत मिळवा." एक झाला की मी एक पुसून दोन लिहायचं, मग तीन, मग चार. असा आज्ञेतला नंबर पुढं सरकवत न्यायचा, ही तेव्हाची रीतच होती. चारी झाले. बेरीज बरोबर. मुलांनी पाट्या ठेवल्या, सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चिवड्याचं ताट घेऊन आल्या.

"बसा," सर म्हणाले. "दुसरं शेत."

चार पाट्यांवर नवीन वजनं लिहिली गेली. बेरीज पुसून शून्य झाली. ते मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. वाचणारा मुलगा म्हणाला, "आज्ञा सांगा."

मी माझ्या पाटीकडे पाहिलं. तिथं पाच होता. चौथा तुकडा झाल्यावर सवयीप्रमाणे मी नंबर एकानं वाढवला होता, आणि नवीन शेत सुरू करताना तो पुन्हा एक करा असं मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. यंत्रानं पहिलं शेत बरोबर मोजलं होतं. दुसऱ्या शेतापासून ते पुढच्याच कप्प्यांतले, आधीच्या हिशेबाचे उरलेसुरले आकडे इमानदारीनं उचलत गेलं होतं. उत्तरं शहाण्यासारखी दिसत होती म्हणून कोणाला शंका आली नाही. पहिलं सोडून त्या घडीच्या कागदावरचं एकही शेत खरं नव्हतं.

बोट फिरवून पाचचा एक करायला अर्धा क्षण लागला असता. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी वाचलं, "पाच नंबरचा आकडा बेरजेत मिळवा."

सर उठले. आत गेले आणि पहिल्या वहीची नवी प्रत घेऊन आले. एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्या पानावर एका जुन्या माणसानं लिहिलं होतं की असल्या चुकीपायी त्याचा आख्खा आठवडा गेला, दोष तो यंत्राला देत राहिला. आणि खाली सरांच्या मराठीत, "काम संपल्यावर कोणी पाटी पुसेल यावर विसंबू नये. काम सुरू करतानाच ती नव्यानं लिहावी." ते मोडीत निघालेल्या यंत्राचंच पान होतं. अक्षर माझं होतं. चिंचेखाली बसून, एकही काना-मात्रा न चुकवता, मी ते उतरवलं होतं.

जुनं लेखन कशाला वाचायचं, हे मला त्या पानानं शिकवलं. त्या यंत्राच्या तारा खरंच विकल्या गेल्या असतील. पण पहिलं बरोबर आलं म्हणजे सगळं बरोबर, असं वाटणारा माणूस दर पिढीत नव्यानं जन्माला येतो. त्याच्याआधी कोणीतरी त्याच खड्ड्यात पडून, लाज न धरता, इथं खड्डा आहे असं लिहून ठेवलेलं असतं. नवीन पुस्तकं यंत्राबद्दल सांगतात. ही जुनी माणसं आपल्याबद्दल सांगतात. आणि ते डोळ्यांखालून घालून भागत नाही, हातानं उतरवूनही भागत नाही.

"उद्या किती वाजता छापाले जाते?" सरांनी विचारलं.

"अकरा."

"पहिली गाडी पकडा. मी येत नाही. चूक तुमची, तोंडही तुमचंच लागन."

सोमवारी दहाला मी साहेबांसमोर उभा होतो. "साहेब, मजकूर थांबवा. आकडे चुकीचे आहेत." साहेबांचा चेहरा उतरला. "कशानं चुकले?" त्यांनी विचारलं. सुमन बाजूला रजिस्टर घेऊन उभी होती. मी वाटेत, बडनेऱ्याच्या फलाटावर, पूर्ण वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून आलं ते हे, "यंत्रात काहीतरी बिघाड असावा."

मजकूर थांबला. आम्ही सगळ्यांनी पुन्हा हातयंत्रावर हिशेब केले, आठवडेच्या आठवडे, आणि शिफारस वेगळ्याच वाणाची गेली. बियाणं वाचलं. पण साहेबांनी मुंबईला लिहून टाकलं की तुमच्या यंत्रावर आमचा भरवसा नाही, पुढची सकाळ आम्हांला नको. तेव्हापासून अकोल्यात कुठंही गणकयंत्राचं नाव निघालं की लोक म्हणतात, ते आमच्या इथं फसलं. आणि सर मुंबईला गेले नाहीत.

सरांना हे साहेबांच्या पत्रावरून कळलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी मला रागावलं नाही. वहीच्या नव्या प्रतीच्या शेवटी दोन पानं कोरी सोडलेली दाखवली. "ही तुमची. झालं काय, तेवढं लिहा. पुढच्या पोरांना कामी येईन." मी हो म्हणालो. हो म्हणून मला काही वर्षं झाली. दर खेपेला पेन उघडायचो आणि वाटायचं, ती वही सुमनच्या हाती गेली तर. ज्यांनी आपल्या चुका लिहून ठेवल्या त्यांची पानं मी घरी बसून वाचत होतो, आणि माझं पान कोरं ठेवत होतो. सरांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

गौरव समितीचं पत्र आलं तेव्हा ठरवलं की सरांची स्तुती करायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत. मी ती दोन पानं लिहावी. हे लिहून झाल्यावर, समितीकडे पाठवण्याआधी, मी सुमनकडे नेलं. म्हटलं, शुद्ध प्रत करून द्या, तुमचं अक्षर बरं आहे. तिनं उभ्या उभ्या वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथं थोडी थांबली, पुढं गेली.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "यंत्राचं नाव घेतलं तवा तुमचे कान लाल झाले होते."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"ज्याचं त्यानं सांगावं. मी काहून सांगू?" मग म्हणाली, "वेणीचं कापून टाका."

ते मी कापलं नाही. तिनं शुद्ध प्रत केली तेव्हा तिनंही गाळलं नाही. एवढंच नोंदवतो.

मग साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आमी एका बिचाऱ्या यंत्राले शिव्या देऊन राहिलो." मला वाटलं, आता माझी पाळी. ती आलीच, आणि ती इथं लिहिण्याजोगी नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी मुंबईला पत्र लिहवून घेतलं की दोष आमच्या माणसाचा होता, आम्हांला पुन्हा एक सकाळ द्यावी, आणि कार्डांबरोबर प्रा. देवपुजारी येतील. हा मजकूर छापायलाही त्यांनी परवानगी दिली.

मुंबईचं उत्तर अजून आलेलं नाही. मागच्या रविवारी मी अमरावतीला जाऊन सरांना हे सांगितलं. सर आत वळून म्हणाले, "अहो, माझा कोट कुठं हाये?" काकू म्हणाल्या, "उत्तर तर येऊ द्या." पण दुपारी मी निघालो तेव्हा अंगणातल्या दोरीवर तो काळा कोट उन्हात टाकलेला होता आणि काकू त्याच्या दोन तुटक्या बटणांच्या जागी नवी लावत होत्या.

सरांचा डावा गुडघा दुखतो, आणि बारीक अक्षर आता त्यांना उजेडात धरून वाचावं लागतं. त्या गुडघ्याला मुंबईचे जिने चढण्याचं बळ मिळो, डोळ्यांना घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येवो, आणि साठीनंतरची पुष्कळ वर्षं सरांना अशा धडधाकट तब्येतीनं लाभोत की एका सकाळनं त्यांचं भागू नये. मी कार्डांची पेटी उचलायला बरोबर जाणार आहे. काचेच्या दारापर्यंत. आत सरांनी जायचं आहे.